अम्मीचा चेहरा दाखवायचा नाही, तरी चित्र अम्मीचंच हवं

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे मी काय समजले ते तुम्हालाही कळेल. तुम्ही छायाचित्रकला शिकता आणि शेवटच्या वर्षाचा प्रकल्प घरातल्या स्त्रियांवर करायचा म्हणता. नानी डोक्यावरून पांढरी मलमलची ओढणी घेते. अम्मी बाहेर पडताना काळा बुरखा घालते, नकाबही लावते. मोठी बहीण कामावर जाताना हिजाब बांधते. तुम्ही स्वतः डोकं झाकत नाही. शिक्षकांनी सांगितलं, 'विषय असा आहे की भूमिका घ्यावीच लागेल, बाजूने की विरोधात ते ठरव.' अम्मीने सांगितलं, 'फोटो काढ, पण चेहरा कुणाला दिसता कामा नये.' या दोन अटींच्या मध्ये प्रकल्प उरतो तरी का, असं तुम्ही विचारलंय.

उरतो, आणि चांगला उरतो. मात्र या दोन अटी एका जातीच्या नाहीत. अम्मीची अट ही जिचं चित्र घ्यायचं तिची अट आहे, ती पाळायचीच. शिक्षकांची सूचना म्हणजे चित्र कसं वाचलं जावं याबद्दलची एक अपेक्षा आहे. तिच्याशी वाद घालता येतो, आणि मला वाटतं घालावा. मला खरी अडचण तिसरीकडेच दिसली. तुम्ही चौघींबद्दल लिहिलंय, पण यादी केलीय ती तिघींच्या फोटोंची. डोकं न झाकणारी चौथी मुलगी कॅमेऱ्यामागे उभी आहे आणि तिच्याबद्दल योजनेत एक ओळही नाही. बघणारी नजरेआड राहिली की बाकीच्या तिघी नमुने होऊन बसतात. अम्मीला कदाचित नेमकं हेच खुपत असेल, फक्त तिने ते चेहऱ्याच्या अटीतून सांगितलं.

मी बरीच वर्षं छायाचित्रकला शिकवते, पोर्टफोलिओ तपासते, प्रदर्शनांची मांडणी करते. मी मुस्लिम नाही. त्यामुळे डोकं झाकण्याबद्दल धर्म काय सांगतो यावर मी बोलणार नाही. ते तुमच्या घरच्यांनी आणि जाणकारांनी बोलायचं. चित्र कसं उभं राहतं, ते परक्या माणसासमोर गेलं की त्याचं काय होतं, आणि ज्यांचं चित्र आहे त्यांना नंतर काय भोगावं लागतं, एवढंच मी पाहत आले आहे. त्याच आधारावर पुढचं लिहिते.

पहिल्यांदा एक काम शोधून बघा. जनान अल-आनी ही १९६६ साली इराकमधल्या किर्कुकला जन्मलेली कलाकार. वडील इराकी, आई आयरिश, आणि १९८० पासून तिचं वास्तव्य ब्रिटनमध्ये. १९९६ मध्ये तिने भिंतभर मोठ्या छायाचित्रांची एक जोडी केली. त्यांत पाच जणी ओळीने बसल्या आहेत: ती स्वतः, तिची आई आणि तीन बहिणी. कुणाचं डोकं उघडं, कुणाचं झाकलेलं, कुणाचे फक्त डोळे दिसतात. ही दोन छायाचित्रं समोरासमोरच्या भिंतींवर लावतात आणि बघायला आलेला माणूस दोन रांगांच्या मधोमध सापडतो. पाचही जणी त्याच्याकडे रोखून पाहतात. यातली आई आयरिश आहे हे कळलं की आपण कपड्यावरून प्रत्येकीबद्दल मनात जे काही बांधत आणलेलं असतं ते ढासळतं. मला या कामातली सगळ्यात मोठी गोष्ट मात्र वेगळीच वाटते. अल-आनी स्वतः त्या रांगेत बसली आहे. तिने बहिणींकडून जे मागितलं ते स्वतःही दिलं.

तुम्ही त्या रांगेत कुठे बसणार? याचं उत्तर सापडेपर्यंत शटर दाबायची घाई करू नका.

या विषयात कॅमेऱ्याचा स्वतःचाही एक इतिहास आहे. तो माहीत नसेल तर अम्मीचा नकार म्हणजे नुसता संकोच आहे असं वाटत राहील. १९६० साली अल्जेरियात, फ्रेंचांविरुद्ध स्वातंत्र्ययुद्ध चालू असताना, मार्क गारांजे या फ्रेंच सैन्यातल्या छायाचित्रकाराला गावोगावच्या लोकांचे ओळखपत्रासाठी फोटो काढायचा हुकूम मिळाला. बायकांना चेहऱ्यावरचं कापड काढायला लावलं गेलं. दहा दिवसांत त्याने सुमारे दोन हजार फोटो काढले. त्यातल्या अनेक बायकांनी आपला चेहरा तोवर परक्या पुरुषाला दाखवलेला नव्हता. आता दाखवावा लागला तो बंदूकधारी सैन्याच्या पहाऱ्यात. फोटोंमधली त्यांची नजर आजही अंगावर येते, आणि त्या नजरेतला राग पुढे गारांजेने स्वतःही मान्य केला. त्याआधीची कित्येक दशकं युरोपियन स्टुडिओ अल्जेरियन बायकांना बुरख्यात, अर्ध्या बुरख्यात, बुरख्याविना मांडून टपालाची कार्डं विकत होते. झाकलेली बाई आणि तिचं झाकण दूर करणारा कॅमेरा, ही जोडी इतकी जुनी आहे. तुमचा हेतू त्याच्या अगदी उलट असला, तरी तुमची चित्रं बघणाऱ्याच्या डोक्यात ती जुनी चित्रं आधीपासून बसलेली असतात.

आता पिढ्यांबद्दल. नानी, अम्मी, बहीण, अशा क्रमाने तिघींचे फोटो लावायचा तुमचा विचार आहे. स्वाभाविक आहे, पण या क्रमाचा एक सापळा आहे. डावीकडून उजवीकडे पिढ्या लावल्या की बघणारा त्यांची शिडी करतो. कपडा कमी होत गेला तर त्याला प्रगती दिसते, वाढत गेला तर अधोगती. तुमच्या घरात तर तोही हिशेब बसत नाही, कारण अम्मी नानीपेक्षा जास्त झाकते आणि तुम्ही काहीच झाकत नाही. हे बसत नाही, हीच तुमच्या प्रकल्पातली जिवंत जागा आहे. ती सपाट होऊ देऊ नका.

इराणचं उदाहरण बघा. १९३६ मध्ये रझा शाहने स्त्रियांनी डोकं झाकण्यावर बंदी घातली. रस्त्यावर पोलीस चादोर, म्हणजे डोक्यापासून पायापर्यंत पांघरायचं कापड, ओढून काढत. कितीतरी बायकांनी त्या काळात घराबाहेर पडणंच सोडलं. १९७९ च्या क्रांतीनंतर चक्र उलटं फिरलं आणि १९८० च्या दशकात डोकं झाकणं कायद्याने सक्तीचं झालं. म्हणजे एकाच घरात आजीवर काढायची सक्ती आणि नातीवर घालायची सक्ती. फ्रान्समध्ये २००४ च्या कायद्याने सरकारी शाळांत हिजाबसह ठळक दिसणारी धार्मिक चिन्हं बंद केली, २०१० मध्ये सार्वजनिक ठिकाणी चेहरा झाकण्यावर बंदी आली. तिथल्या एखाद्या मुलीसाठी शाळेच्या फाटकाशी कापड उतरवणं हा रोजचा क्रम झाला. या सगळ्या उदाहरणांत साधारण तसंच कापड आहे, पण ते कुणी घालायला लावलं, कुणी काढायला लावलं आणि कुणी आपणहून निवडलं यावरून चित्राचा अर्थ पार बदलतो. म्हणून नानीला विचारा: ती तुमच्या वयाची असताना काय घालत होती? तिची आई काय घालायची? अम्मीने बुरखा कधी सुरू केला, लग्नाआधी की नंतर, कुणाच्या सांगण्यावरून की स्वतःच्या मनाने? तुमच्या प्रश्नात यातलं काहीच नाही. कदाचित तुम्हालाही माहीत नसेल. या गप्पा रेकॉर्ड करा, अर्थात विचारून. माझ्या विद्यार्थिनींच्या बाबतीत मी वारंवार पाहिलंय की प्रकल्पाचा कणा या गप्पांतून निघतो आणि फोटो त्याच्यामागून येतात.

झिनेब सेदिराचं एक काम या गप्पांसाठी उपयोगी पडेल. ती १९६३ मध्ये पॅरिसमध्ये अल्जेरियन आईवडिलांच्या पोटी जन्मली, पुढे लंडनला स्थायिक झाली. 'मदर टंग' या २००२ च्या व्हिडिओत तीन पडदे आहेत. एकावर ती आणि तिची आई बोलतात, दुसऱ्यावर ती आणि तिची मुलगी, तिसऱ्यावर आजी आणि नात. आई अरबीत बोलते, सेदिरा फ्रेंचमध्ये, मुलगी इंग्रजीत. पहिल्या दोन जोड्यांचं निभावतं. तिसऱ्या पडद्यावर आजीचं बोलणं नातीला कळत नाही आणि संवाद थांबतो. डोक्यावरच्या कापडावर सेदिराने इतरत्र बरंच काम केलंय, पण घर आणि ओळख यांबद्दल मला सर्वांत जास्त या कामाने शिकवलं. हे काम स्थलांतर, भाषा असल्या मोठ्या शब्दांवर भाषण देत नाही. तीन जोड्या बसवून ते फक्त बोलू देतं. तुमच्याकडे चौघी आहेत, म्हणजे सहा जोड्या होतात. नानी आणि तुमची बहीण एकत्र काय करतात? अम्मी आणि तुम्ही? एकेकीचा वेगळा फोटो काढायचा हट्ट सोडलात तर कपडा आपोआप मागे सरकेल आणि नाती पुढे येतील. तुम्ही 'मला आमचं घर दाखवायचंय' असं लिहिलंय ना, ते इथे आहे.

आता अम्मीच्या अटीकडे येते, कारण सगळ्यात जास्त शक्यता तिथेच आहेत.

चेहरा न दाखवता माणूस दाखवण्याचे अनेक मार्ग कलाकारांनी काढले आहेत आणि प्रत्येकाचा अर्थ वेगळा निघतो. तो अर्थ ओळखून निवड करा. येमेनची बुशरा अल-मुतवक्किल हिची २०१० ची 'मदर, डॉटर, डॉल' ही नऊ छायाचित्रांची मालिका बघा. आई, मुलगी आणि मुलीच्या हातातली बाहुली. पहिल्या फोटोत हसरे चेहरे आणि रंगीत कपडे, मग एकेक फोटोत काळं कापड वाढत जातं, हसू मावळतं, आणि शेवटच्या फोटोत काळ्या पडद्याशिवाय काहीच उरत नाही. बाहुलीसुद्धा नाही. रचना अचूक आहे. इथे चेहरा झाकणं याचा अर्थ माणूस पुसला जाणं असा होतो. स्वतः अल-मुतवक्किल हिने आपला विरोध हिजाबाला नसून टोकाच्या झाकण्याला, विशेषतः लहान मुलींना झाकण्याला आहे, असं सांगितलंय. तरीही ही मालिका इंटरनेटवर जिकडेतिकडे फिरली तेव्हा तिचं हे म्हणणं तिच्यासोबत फिरलं नाही.

इराणच्या शादी गदिरियनने चेहऱ्याच्या जागी वस्तू ठेवल्या. तिचं लग्न झाल्यानंतर, २००० च्या सुमाराला, केलेली ही मालिका आहे. घरात घालायच्या फुलाफुलांच्या चादोरी, आणि चेहऱ्याच्या जागी इस्त्री, झाडू, कप, सुरी. इथे टोचणी आहे ती घरकामाला: बाईला तिच्या कामाने ओळखणाऱ्या नजरेला. तुम्ही हा मार्ग घेतलात तर तो अम्मीच्या बुरख्याबद्दल बोलणार नाही, तिच्या दिवसाबद्दल बोलेल. ते तुम्हाला हवंय का, याचा विचार करा.

लाहोरच्या शाहझिया सिकंदरचं 'द स्क्रोल' हे विद्यार्थिदशेतलं काम आहे, १९८९-९० मधलं. लघुचित्रशैलीतल्या लांब पट्टीवर एक घर उलगडत जातं, आणि पांढऱ्या कपड्यातली एक तरुण मुलगी खोलीखोलीतून फिरते. तिचा चेहरा आपल्याला कधीच दिसत नाही. तरी ती पुसलेली वाटत नाही, उलट घरभर तीच भरून राहते, कारण घर तिच्या नजरेने दिसतं. मला तुमच्यासाठी ही दिशा सर्वांत जवळची वाटते. आणि अलीगढला जन्मलेल्या झरीना हाश्मी यांनी तर माणसाची आकृतीच काढली नाही. त्यांच्या बहिणीने लिहून ठेवलेली, पण टपालात न टाकलेली उर्दू पत्रं त्यांनी २००४ मध्ये 'लेटर्स फ्रॉम होम' या मुद्राचित्रांत वापरली, आणि त्या अक्षरांवर घरांचे नकाशे, शहरांच्या रेषा छापल्या. कुटुंबाचं इतकं हळवं चित्र मी फार कमी पाहिलंय आणि त्यात एकही चेहरा नाही.

तुमच्या हातात यातलं काय आहे? अम्मी घरात बुरखा घालत नाही. परक्या माणसाला जी अम्मी कधीच दिसणार नाही ती तुम्हाला रोज दिसते. ती जगाला दाखवायची नाही, ही अट कायम ठेवूनही ती आहे हे कळवता येतं. बुरखा चढवतानाचे हात. दातात धरलेली टाचणी. आरशासमोर उभी असताना आरशाची चौकट आणि फक्त कोपर. दाराआडच्या खुंटीवर टांगलेला बुरखा आणि त्याखाली तिच्या चपला. तिचं हस्ताक्षर. परवानगी असेल तर तिचा आवाज. नकाब बांधायला तिला किती सेकंद लागतात, कोणत्या बाजूने सुरुवात होते, हे शूट करण्याआधी नुसतं बसून बघा. वर्षानुवर्षं तीच हालचाल केलेल्या हातांत एक सफाई असते, आणि ती सफाई बघणाऱ्याला सांगते की हे कापड एका माणसाच्या हातातलं आहे.

एका मोहापासून मात्र दूर राहा. कापडावर, हातावर, भिंतीवर उर्दू किंवा अरबी अक्षरं लिहिण्याचा विचार तुमच्या मनात येईल, कारण या विषयातली सगळ्यात प्रसिद्ध छायाचित्रं तशीच आहेत. इराणी कलाकार शिरीन नेशातने १९९३ ते १९९७ या काळातल्या 'विमेन ऑफ अल्लाह' मालिकेत चादोरमधल्या बायकांच्या चेहऱ्यांवर, हातांवर, पायांवर फारसी कविता शाईने लिहिल्या. त्यांत फोरुग फरोखजादच्या मुक्त, देहाबद्दल न लाजता बोलणाऱ्या ओळी आहेत आणि ताहेरे सफारजादेच्या क्रांती आणि श्रद्धेच्या बाजूने बोलणाऱ्याही. म्हणजे दोन परस्परविरोधी आवाज. फारसी न वाचणाऱ्याला हे काहीच कळत नाही, त्याला फक्त नक्षी दिसते. मोरोक्कोची लल्ला एसैदी हेच काम वेगळ्या कारणाने करते: सुलेखन हा तिथे पुरुषांचा प्रांत, मेंदी बायकांची, म्हणून ती मेंदीने सुलेखन करते. शिवाय तिच्या 'कन्व्हर्जिंग टेरिटरीज'ची छायाचित्रं तिच्याच कुटुंबाच्या अशा घरात घेतली आहेत, जिथे नियम मोडणाऱ्या मुलींना शिक्षा म्हणून एकटं ठेवलं जाई. अक्षरांना तिथे जागेचं आणि घरच्या इतिहासाचं बळ आहे. तुमच्या घरात कुणी काही लिहून ठेवलं असेल, नानीची वही, अम्मीच्या पाककृती, तर ते जरूर वापरा. फक्त 'मुस्लिम' वाटावं म्हणून अक्षरं आणू नका.

तांत्रिक बाजू तुम्ही विचारली नाहीत, पण पहिल्याच दिवशी ती आडवी येईल. कॅमेऱ्यातला प्रकाश मोजणारा मीटर समोरचं सगळं मध्यम करडं आहे असं धरून चालतो. चौकटीत बहुतेक काळा बुरखा असेल तर तो प्रकाश वाढवतो. कापड मळकट करडं होतं आणि हात पांढरेफटक पडतात. म्हणून एक ते दीड स्टॉप उणे करा (एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा) किंवा स्पॉट मीटरिंगने फक्त हातावरचा प्रकाश मोजा. नानीच्या पांढऱ्या ओढणीला नेमकं उलट: मीटर ती काळवंडून टाकतो, तिथे थोडं अधिक करावं लागतं, आणि मलमलीचं पोत जळून जाऊ नये म्हणून हिस्टोग्रामवर, म्हणजे कॅमेऱ्यातल्या उजेड-अंधाराच्या आलेखावर, डोळा ठेवावा लागतो. दोघी एका चौकटीत असतील तर अम्मीला खिडकीजवळ आणि नानीला आत बसवा, अर्धं काम प्रकाशच करेल. समोरून फ्लॅश मारलात तर काळ्या कापडाची एकही घडी दिसणार नाही, नुसता एक काळा आकार उरेल, आणि तो आकार म्हणजेच लोकांच्या मनातली ठरावीक प्रतिमा. बाजूने, कमी कोनातून येणारा उजेड घड्या, शिवण, काठावरची बारीक लेस दाखवतो. सपाट काळ्यावर ऑटोफोकस चाचपडतो, त्याला शिवण किंवा बोटं द्या. बहिणीचा हिजाब भडक रंगाचा असेल तर त्याच्या रंगाची झाक हनुवटीखाली उतरते. ती नंतर काढता येते, पण मी काढत नाही. रॉ फाइलमध्येच, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या मूळ फाइलमध्येच, काम करा.

या तपशिलाला मी इतकं महत्त्व देते, कारण सन्मान हा नुसत्या हेतूत राहत नाही. अम्मीच्या बुरख्याची लेस दिसली तर तिने तो निवडून घेतला होता हे दिसतं.

परवानगीबद्दल आता स्पष्ट बोलते. 'अम्मी हो म्हणाली' एवढ्याने भागत नाही. फोटो काढू देणं वेगळं, परीक्षकांनी पाहणं वेगळं, भिंतीवर लागणं वेगळं आणि इंटरनेटवर जाणं अगदीच वेगळं. हे चार प्रश्न चार वेळा विचारा, प्रत्येकीला एकटीला विचारा. सगळ्यांसमोर विचारलं की मोठ्यांचं उत्तर धाकट्यांचं होऊन जातं. परीक्षकांत पुरुष असतील तर तेही आधी सांगा; काहींना त्याने फरक पडतो, काहींना नाही. माझ्याकडच्या एका विद्यार्थिनीने छापील प्रती घरी नेऊन आईपुढे दोन ढीग करायला ठेवल्या होत्या: बाहेर जाणारे आणि घरात राहणारे. आईने घरात ठेवलेल्या ढिगातले काही फोटो कलेच्या दृष्टीने सरस होते. ते प्रदर्शनात लागले नाहीत, आणि प्रकल्पाचं त्यामुळे काहीही बिघडलं नाही. उलट काय बाहेर जायचं ते आईने ठरवलं, ही गोष्ट तिने प्रकल्पासोबतच्या लेखी निवेदनात लिहिली आणि ती त्या कामाचाच भाग झाली.

अम्मीचा चेहरा आधी टिपून मग धूसर करण्याचा विचार असेल तर तो सोडून द्या. धूसर चेहरा गुन्ह्याच्या बातमीसारखा दिसतो, आणि मूळ फाइल कुठेतरी राहतेच. जो चेहरा दाखवायचा नाही तो प्रकल्पाच्या मेमरी कार्डवर येऊच देऊ नका. फोनवर शूट करत असाल तर आपोआप होणारा क्लाउड बॅकअप बंद करा, फोटोतली जागेची माहिती काढून टाका, आणि छापायला देताना फाइल कुणाच्या संगणकावर राहते ते विचारा. अम्मीला स्वतःसाठी एखादं सुंदर पोर्ट्रेट हवं असेल तर ते वेगळ्या दिवशी, वेगळ्या कार्डवर काढा, छापून तिच्या हातात द्या आणि फाइलही तिलाच द्या. बऱ्याच आयांचा चांगला फोटो कुणी काढलेलाच नसतो.

काही गोष्टी मात्र परिस्थितीवर अवलंबून आहेत आणि त्यांचं उत्तर मी इथून देऊ शकत नाही. तुमच्या बहिणीच्या कामाच्या ठिकाणी हिजाबावरून कुरबुर चालू असेल तर तिचा फोटो तिला अडचणीत आणू शकतो. अशा वेळी तीच आधी विचारात घ्यायची. नातेवाइकांत कुणी तुमच्या डोकं न झाकण्यावर बोट ठेवत असेल तर तुमचा स्वतःचा फोटो जोखमीचा ठरेल. सध्या आजूबाजूला या विषयावर वाद पेटलेला असेल तर शांतपणे केलेलं चित्रसुद्धा कुणीतरी आपल्या बाजूने उचलून नेईल. चौघींपैकी एकीने नको म्हटलं तर तिघींचा प्रकल्प करा आणि चौथीची जागा रिकामी ठेवा, कारण न लिहिता.

आता शिक्षक. त्यांचा मुद्दा मी पूर्णपणे उडवून लावणार नाही. 'मी फक्त दाखवते, मला काही म्हणायचं नाही' हे उत्तर कच्चंच असतं, आणि त्यांना त्याचीच भीती असावी. पण 'बाजूने की विरोधात' हा प्रश्न कपड्याला विचारलेला आहे. तुमच्या चित्राला विचारायचा प्रश्न आहे: कोण कुणाकडे बघतंय आणि कोणत्या नात्याने? याला ठाम उत्तर दिलंत तर तीच भूमिका. त्यांना रुमाना हुसेन यांचं उदाहरण द्या. मुंबईत १९९२-९३ च्या दंगलींनंतर या चित्रकर्तीचं काम मुळापासून बदललं; मुस्लिम असणं, बाई असणं, स्वतःचं शरीर हेच साहित्य झालं. १९९८ च्या 'इज इट व्हॉट यू थिंक?' या सादरीकरणात त्या प्रेक्षकांसमोर बसून मुस्लिम स्त्रीबद्दलचे प्रश्न वाचत राहतात. उत्तरं देत नाहीत. ऐकणाऱ्याला आपल्या मनात तयार असलेली उत्तरं ऐकू यायला लागतात. १९९९ मध्ये, पन्नाशीच्या आतच, त्या गेल्या. त्यांच्या कामाला कुणी भूमिका नाही म्हणून दाखवावं.

निवेदनात मग काय लिहायचं? फार नको. तुम्ही कोण, घरात कुणाशी कुणाचं काय नातं, अम्मीने कोणती अट घातली आणि तुम्ही ती कशी पाळली. 'दडपशाही', 'सबलीकरण', 'अस्मिता' हे शब्द मसुद्यात आले तर आधी खोडा आणि त्या जागी घरातलं एक नेमकं वाक्य ठेवा. गप्पांच्या रेकॉर्डिंगमधून ते मिळेल. मांडणीत पिढ्यांचा क्रम मोडा. सुरुवात तुमच्या फोटोपासून करा, म्हणजे पुढच्या सगळ्या चित्रांत बघणाऱ्याला ठाऊक राहील की नजर कुणाची आहे.

प्रकल्प लगेच ऑनलाइन टाकावा का, हे तुम्ही शेवटी विचारलंय. माझं मत: परीक्षा होईपर्यंत नाही. भिंतीवर चित्रांचा क्रम, आकार आणि सोबतचा मजकूर तुमच्या ताब्यात असतो. इंटरनेटवर एक फोटो सुटा होतो आणि बाकीचं मागे राहतं. अल-मुतवक्किलच्या मालिकेचं तेच झालं. पुढे टाकावंसं वाटलं तर असेच फोटो निवडा जे मजकुराशिवाय एकेकटे फिरले तरी अम्मीबद्दल खोटं बोलणार नाहीत. आणि त्या निवडीच्या वेळी अम्मीला शेजारी बसवा, फोनवर कसं दिसेल ते तिला दाखवा, मग पुन्हा एकदा विचारा.